पायात गुठळी होऊन गेली आहे, आता दिवस गेलेत: इंजेक्शनं, बाळंतपण, सव्वा महिना

विटेकरीण

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाइलवरून टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

माहेर कोरेगाव, सासर विटा. यांचा गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा, त्यामुळे लग्नानंतर तमिळनाडूत होतो. दोन-अडीच वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला गावी यायचं ठरलं. पाळी नेमकी गौरी जेवतात त्या दिवशी येणार होती, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या. वर रेल्वेचा लांबचा प्रवास. घरी पोचले आणि डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजला. गरम, टणक, जमिनीला टेकवेना. जवळच्या एका दवाखान्यात ‘वात धरलाय’ म्हणून तेल लावून चोळायला सांगितलं. शेवटी दीर सांगलीला घेऊन गेले, तिथे डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) झाली आणि मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. आधी इंजेक्शनं, मग काही महिने गोळ्या, मग सगळं बंद.

आता पहिल्यांदाच दिवस गेलेत, दुसरा महिना चालू आहे. डॉक्टर मॅडमनी जुनी फाइल बघितली आणि रोज एक इंजेक्शन (एनॉक्सापॅरिन, 40 मिलिग्रॅम) पोटात घ्यायला सांगितलं. आजपासून बाळंतपणापर्यंत, आणि त्यानंतरही. घरात सगळ्यांना धक्का. सासूबाईंचं म्हणणं, पाय आता बरा आहे, सूज नाही, मग नऊ महिने सुया कशाला टोचून घ्यायच्या? गोळी चालत नाही का? बाळाला काही होणार नाही ना? आणि बाळंतपण माहेरी कोरेगावला करायचं की इकडेच सांगलीला? कुणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

मिरज_जंक्शन

अभिनंदन. मी फिजिशियन आहे, मिरजेत. धाग्यावर कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे डोस तुमच्या मॅडम सांगतील तोच. पण ‘कशाला’ हे सांगता येईल.

रक्त गोठायला तीन गोष्टी कारण होतात: रक्त साचून राहणं, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं आणि शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं. रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरच्या नावाने हे त्रिकूट ओळखतात. गरोदरपणात तिन्ही हजर असतात. बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून शरीर आधीपासून तयारी करतं. फायब्रिनोजेन, फॅक्टर 8 ही रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात, गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. गर्भाशय वाढलं की पायांतून वर जाणाऱ्या शिरांवर दाब येतो आणि शेवटच्या महिन्यांत त्यांतला रक्ताचा वेग निम्म्यावर येतो. बाळंतपणात, विशेषतः सिझेरियनमध्ये, शिरांना इजा होते. म्हणून एरवीपेक्षा गरोदरपणात गुठळीचा धोका 4-5 पट असतो.

तुमचा डावा पाय होता हेही नेहमीचंच. उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डाव्या पायाच्या मोठ्या शिरेवरून आडवी जाते आणि ती शीर मणक्यावर दाबली जाते. गरोदर बायकांत बहुतेक गुठळ्या डावीकडेच सापडतात.

आता मुद्द्याचं. एकदा गुठळी होऊन गेलेल्या बाईला इंजेक्शन न घेता गरोदरपणात ती पुन्हा होण्याची शक्यता साधारण 2 ते 10 टक्के धरतात. पहिली गुठळी कशाने झाली यावर बरंच अवलंबून. एखादीला मोठ्या ऑपरेशननंतर एकदाच झाली असेल आणि बाकी काही धोका नसेल, तर 28 व्या आठवड्यापासून इंजेक्शन सुरू केलं तरी चालतं, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची 2015 ची मार्गदर्शिका सांगते. पण जिची गुठळी विनाकारण झाली, किंवा हार्मोनच्या गोळ्यांवर असताना, किंवा आधीच्या गरोदरपणात झाली, तिला सुरुवातीपासून. तुमचं प्रकरण हार्मोनचं आहे. पाळी लांबवायच्या गोळ्यांत बहुधा नॉरेथिस्टेरॉन असतं आणि त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गरोदरपणात तेच इस्ट्रोजेन कितीतरी पटीने वाढतं. म्हणजे ज्या कारणाने एकदा गुठळी झाली, तेच कारण आता नऊ महिने अंगात असणार. पाय आज बरा दिसतो यावर काहीच ठरत नाही.

मॅडमनी पहिल्याच भेटीत फाइल मागितली, हे उत्तम झालं. पुष्कळ बायका सहाव्या-सातव्या महिन्यात सहज बोलता बोलता सांगतात, ‘मागे पायात काहीतरी झालं होतं’.

राजवाडा_चौपाटी

विटेकरीण ताई, मी यातून गेलेय. सातारा. माझी गुठळी पहिल्या बाळंतपणानंतर झाली होती, दुसऱ्या वेळी पूर्ण इंजेक्शनांवर काढलं. मुलगी आता बालवाडीत आहे.

सुईची भीती पहिले आठ-दहा दिवस. नंतर दात घासण्याइतकं होतं, खरंच. मी टाचण करून फ्रिजवर लावलं होतं ते देते. रात्री जेवण झाल्यावर एकच वेळ ठरवा. हात धुवा. पलंगावर टेकून बसा, उभ्याने नको. बेंबीपासून चार बोटं सोडून बाजूला, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. कातडीची जाड चिमूट धरायची आणि सुई पूर्ण होईपर्यंत सोडायची नाही. सुई सरळ, तिरकी नाही. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो तो काढायचा नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. हळूहळू ढकला, मग सुई बाहेर. नंतर चोळायचं नाही, नुसतं दाबून धरा. चोळलं की रुपयाएवढे निळे डाग पडतात. डाग तसेही पडतात, घाबरू नका.

पोट वाढल्यावर मला वाटायचं सुई बाळाला लागेल. ती सुई जेमतेम अर्ध्या इंचाची, कातडीखालच्या चरबीतच राहते. शेवटी शेवटी पोट ताणलं की चिमूट धरता येत नाही, तेव्हा बाजूला कुशीकडे किंवा मांडीत घ्यायला शिकवतात.

यांनी एक-दोनदा टोचलं आणि घाम यांनाच फुटला. स्वतःच शिका!

रांगडा_गडी

मी काय डॉक्टर नव्हं. पण आमच्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, सगळी घरात, शेवटच्या दिसापत्तोर शेतात. एक इंजेक्शन नाही. आता ज्याला त्याला सुया. हे सगळं मेडिकलवाल्यांचं चाललंय असं नाही का वाटत कुणाला?

मिरज_जंक्शन

दादा, आजींच्या पायात गुठळी कधी झालीच नव्हती, मग त्यांना आजही कुणी सरसकट हे इंजेक्शन देणार नाही. धागा ज्यांना झाली त्यांच्याबद्दल आहे. आणि आजींच्या पिढीत बाळंतपणानंतर ‘अचानक धाप लागून गेली’ अशी एखादी बाई गावोगाव ऐकायला मिळायची. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली की हेच होतं. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही इतकंच.

औषधवाला_कराड

मेडिकलवाला हजर आहे. :)

एनॉक्सापॅरिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणजे कमाल किंमत सरकारने बांधलेली. तरी कंपनी-कंपनीत फरक पडतो. नऊ महिने घ्यायचंय तर डॉक्टरांना विचारून परवडणारी एक कंपनी ठरवा आणि तीच चालू ठेवा. दर वेळी बदलू नका, सिरिंजची रचना वेगळी असते, हात गोंधळतो. संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. तालुक्याच्या दुकानात कायम साठा नसतो, आणि दिवाळीत, पुरात माल अडकतो. 2019 ला सांगलीकरांनी ते बघितलंय.

ठेवण्याबद्दल लोक इन्सुलिनशी गल्लत करतात. याला फ्रिज लागत नाही, फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीतही नको. पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं, त्याच्या आत ठेवा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण लावा. भरली की जिथे दाखवता त्या हॉस्पिटलात विचारून द्या. घंटागाडीत मोकळ्या टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात.

गोठ्यावरचा

गुरांचा डॉक्टर आहे, थोडं अवांतर. ताईंनी विचारलंय गोळी का नाही. गोळी म्हणजे रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा त्याच जातीचं औषध. त्याचा शोध आमच्या खात्यातला! 1920 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत बुरशी लागलेला क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. त्यातला घटक पुढे विस्कॉन्सिनमध्ये शोधला गेला, त्यावरून वॉर्फरिन बनलं आणि ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं. बाकी माणसांचं माणसांच्या डॉक्टरांनी सांगावं.

मिरज_जंक्शन

अवांतर आवडलं, आणि ते मुद्द्याला धरूनही आहे. वॉर्फरिनच्या जातीच्या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्या घेतल्या तर बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या घडणीत दोष राहू शकतो, नंतरही बाळाच्या मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांचा विचार वेगळा, तो त्यांच्या डॉक्टरांवर सोडा. नव्या गोळ्या, म्हणजे रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डाबिगाट्रान, यांचा गरोदरपणातला भरवसा नाही, त्या गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही टाळायच्या. तुमचं इंजेक्शन हेपरिनच्या जातीचं; हेपरिनचे रेणू मोठे, ते वार ओलांडतच नाहीत. इंजेक्शन आईला, बाळाला नाही. सासूबाईंना एवढं सांगा.

ज्या बायका अशा गोळ्या कायमच्या घेत आहेत आणि मूल हवं आहे, त्यांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. पाळी चुकली की थांबून बघू असं नको, पण मनाने गोळी बंदही करू नका. मधल्या काळात काहीच न घेणं सर्वांत वाईट.

कुंडलची_लेक

माझ्या वहिनीलाही हेच होतं, पण तिला वजनावर मोजून मोठा डोस देत होते आणि पोट वाढेल तसा वाढवत गेले. विटेकरीणला तर साधा 40 चा दिलाय असं दिसतंय. कमी पडणार नाही ना?

(सॉरी, डोस विचारू नका म्हणाला होतात. :( )

मिरज_जंक्शन

हा प्रश्न विचारायलाच हवा, डॉक्टरांतही यावर वर्षानुवर्षं वाद होता. उत्तर 2022 मध्ये आलं. ‘हायलो’ नावाचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 9 देशांतल्या, आधी गुठळी होऊन गेलेल्या 1,110 गरोदर बायका. निम्म्यांना ठरलेला कमी डोस, निम्म्यांना वजनावर मोजलेला मधला डोस, दोन्हीकडे बाळंतपणानंतर 6 आठवड्यांपर्यंत. पुन्हा गुठळी झाली ती कमी डोसवाल्यांत 3 टक्क्यांना आणि मधल्या डोसवाल्यांत 2 टक्क्यांना. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान आहे. म्हणून बहुतेकींना कमी डोस पुरतो.

बहुतेकींना म्हटलं. ज्यांना आत्ता, याच गरोदरपणात गुठळी झाली आहे, किंवा ज्या आयुष्यभराच्या औषधावर आहेत, त्यांना पूर्ण उपचाराचा डोस लागतो. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल तरी आकडा बदलतो. तुमच्या वहिनींचं कारण त्यांच्या फाइलमध्ये असेल. दोन बायकांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून तुलना करू नका.

माळकरी_पुसेगाव

संकोच वाटतोय, पण विचारतो. आमच्या घरात वारी आहे, माळ आहे. सुनेला हे इंजेक्शन सांगितलंय आणि कुणीतरी म्हणालं की ते प्राण्यापासून बनवतात. खरं आहे का?

औषधवाला_कराड

खरं आहे. हेपरिन आणि त्यापासूनची एनॉक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन ही डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. कुणी लपवू नये असं माझं मत. काउंटरवर विचारलं तर मी सांगतो.

मिरज_जंक्शन

पूर्ण कृत्रिम असं फोंडापॅरिनक्स आहे. पण गरोदरपणात त्याचा अनुभव कमी, थोडं वारेतून पलीकडेही जातं, म्हणून ते ज्यांना हेपरिनच चालत नाही अशांसाठी मागे ठेवतात. आपल्या डॉक्टरांना उघड विचारा, यात राग येण्यासारखं काही नाही. फक्त ठरेपर्यंत सुनेचं इंजेक्शन बंद ठेवू नका.

राजवाडा_चौपाटी

पुसेगावकर काका, आमचे बाबाही माळकरी. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, ‘याहून बरं दुसरं आहे का?’ नाही म्हटल्यावर पुढचे सगळे महिने पाकिटं तेच आणत होते.

नलूमावशी

हे सगळं वाचलं. आता कोरेगावच्या बाळंतपणाबद्दल बोलते. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे. सव्वा महिना बाजेवर झोपून राहायचं, शेक-शेगडी, धुरी, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला फडकं. पाणी बेताचं, नाहीतर पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते. आमची सगळ्यांची अशीच झाली आणि कंबरा अजून धड आहेत. आजकाल दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी चालवतात, मग चाळिशीत पाठी धरतात.

कास_रोड

निवृत्त परिचारिका आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्य गेलं. मावशींचा मान ठेवून लिहिते, पण स्पष्ट लिहिते, कारण या धाग्यावर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

गुठळीचा धोका बाळ झालं की संपत नाही. तो सर्वांत जास्त असतोच बाळंतपणानंतर, त्यातही पहिल्या तीन आठवड्यांत. सहा आठवड्यांनी बराच उतरतो. म्हणजे आपला सव्वा महिना बरोबर त्या धोक्याच्या दिवसांवर बसतो. आणि त्या दिवसांत आपण काय करतो? बाईला हलू देत नाही, पाणी देत नाही, शेगडीजवळ घाम काढतो. रक्त साचलं पाहिजे आणि घट्ट झालं पाहिजे असं कुणी ठरवून केलं तर याहून वेगळं काय करेल?

माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट, गाव सांगत नाही. बाळंतपण होऊन आठवडा उलटलेला. बाईचं डोकं ठणकतंय. घरचे म्हणाले, वारं लागलं, कान बांधा. डोकं थांबेना, उलट्या सुरू झाल्या, दिसायला अंधुक. मग झटका आला आणि दातखीळ बसली, तेव्हा आमच्याकडे आणली. ओठ कोरडे पडून फुटलेले, जीभ चामड्यासारखी. पाणी किती दिलं विचारलं तर सासू म्हणाली, ‘सकाळ-संध्याकाळ भांडंभर, तेही कोमट’. डोक्यातल्या शिरेत गुठळी होती. वाचली ती, पण नंतर कितीतरी दिवस चमचा धरता येत नव्हता. बाळंतपणानंतर डोक्याच्या शिरेतली गुठळी आपल्या देशात डॉक्टरांनी पुष्कळ बघितली आहे, आणि पाणी तोडण्याकडे बोट दाखवलं गेलंय.

बाकी लाडू खा, अळीव खा, मला लाडू फार आवडतात. काढा घेणार असाल तर त्यात काय काय आहे ते डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करायचं औषध चालू असताना अंदाजाने मुळ्या-पाले नकोत. पाणी तहान लागेल तेव्हा आणि नाही लागली तरी. टाके दुखत असले तरी पहिल्याच दिवशी धरून उभं राहायचं, संडासपर्यंत चालायचं.

आणि मालिशवाल्या बाईला सांगून ठेवा: एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला, गरम लागला, पोटरी किंवा जांघ दुखली, तर त्या पायाला हात लावायचा नाही. गुठळी असलेला पाय रगडून ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते.

नलूमावशी

पाण्याचं पटलं, बाई. पण एक सांगू? सव्वा महिना झोपवतात तो बाईला आराम मिळावा म्हणून. तुम्ही ‘चाला-फिरा’ म्हणाल आणि सासरचे ऐकतील ‘भांडी घास’. तो एकच महिना असतो जेव्हा तिला कुणी काम सांगत नाही.

कास_रोड

मावशी, हे शंभर टक्के मान्य. म्हणून मी ‘चालायला सांगितलंय’ असं कधीच म्हणत नाही, ‘खोलीत आणि अंगणात फेऱ्या मारायला सांगितल्यात, काम बंद’ असं सांगते. नातेवाइकांसमोर, मोठ्याने.

निद्रादेव

भूलतज्ज्ञ, सांगली. कोरेगाव की सांगली यावर माझे दोन पैसे. माहेर-सासर बाजूला ठेवा. जिथे रात्रीही भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि आयसीयू हाताशी आहे तिथे बाळंतपण करा. सांगली-मिरज, कराड, सातारा, तिन्हीकडे सोय आहे. कोरेगावहून सातारा काही लांब नाही, तेव्हा माहेरपण आणि साताऱ्यात बाळंतपण हेही जमेल. पण ठिकाण सातव्या महिन्यातच पक्कं करा, तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा.

आमची अडचण अशी की, रक्त पातळ असताना पाठीत भुलीची सुई दिली तर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. फार क्वचित, पण होऊ शकतं. म्हणून 40 च्या डोसनंतर 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर 24 तास गेल्याशिवाय आम्ही पाठीत सुई देत नाही. तोवर वेळ नसेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा कळा सुरू झाल्यासारखं वाटलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि निघा. आल्या आल्या पहिलं वाक्य ‘शेवटचं इंजेक्शन अमुक वाजता घेतलं’. पाकिटावर वेळ लिहायची सवय लावा.

बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात असला की काही तासांनी इंजेक्शन पुन्हा सुरू होतं. इथेच गाडी घसरते. डिस्चार्ज कार्ड वेगळं, जुनी चिठ्ठी वेगळी, बाळाची धावपळ, आणि इंजेक्शन राहून जातं. घरी जायच्या आधी 6 आठवड्यांचं इंजेक्शन लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

कुंडलची_लेक

नंतर तरी गोळी चालते का? वहिनीने बाळंतपणानंतर सुई सोडून गोळी घेतली होती आणि अंगावर पाजतही होती.

मिरज_जंक्शन

हो. बाळंतपणानंतर वॉर्फरिन चालतं, दुधातून बाळाला बाधत नाही. हेपरिनही चालतं. पण वॉर्फरिनला वरचेवर रक्त तपासून डोस जुळवावा लागतो, म्हणून 6 आठवड्यांसाठी बऱ्याच जणी इंजेक्शनच चालू ठेवतात.

एक तपासणी राहिली. गुठळी झालेल्या, आणि विशेषतः वारंवार गर्भपात झालेल्या बायकांत अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताचा गोठण्याकडे कल वाढवणारी प्रथिनं) बघतात. एकदा पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करून मगच निदान पक्कं धरायचं. ती असेल तर हेपरिनबरोबर कमी डोसची ॲस्पिरिनही देतात. नुसती ॲस्पिरिन मात्र पायातल्या गुठळीला पुरेशी नाही, ‘तेवढीच घेते, सुई नको’ असं करू नका. प्रोटीन एस गरोदरपणात आपोआप उतरतं, त्यामुळे आत्ता तपासून कमी आलं तर त्याचा अर्थ लागत नाही. डी-डायमर (गुठळीचा संशय आला की करतात ती रक्ततपासणी) तसाच, निरोगी गरोदर बाईतही वाढलेला असतो. संशय आला तर पायाची डॉपलर, ती बाळाला निर्धोक. धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, यात सकाळची वाट बघायची नाही. फुप्फुसाच्या स्कॅनला ‘बाळाला किरण लागतील’ म्हणून नकार देतात लोक. त्यातून बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, आणि आईच्या फुप्फुसातली गुठळी तपासायची राहिली तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

विटेकरीण

सगळ्यांचे आभार, किती वेळ काढून लिहिलंत. काल सांगलीला जाऊन आले. अँटिबॉडी निगेटिव्ह, प्लेटलेट व्यवस्थित, सोनोग्राफीत ठोके दिसले. सासूबाई सोबत होत्या. मॅडमना त्यांनी स्वतःच विचारलं, वारेतून जातं का म्हणून! परत येताना भडंग घेतलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, रात्री मलाही शिकव, तुझा नवरा सुई बघून पळतो.

बाळंतपण साताऱ्यात ठरतंय, आईकडून जवळ. डोहाळजेवणाला विट्याहून कोरेगावला जायचंय, गाडीने जाऊ का? आणि पाय दाबून धरणारे ते पायमोजे घालू का, यांनी ऑनलाइन बघितलेत.

राजवाडा_चौपाटी

सासूबाई भारी आहेत!

मिरज_जंक्शन

जा की. तासाभराने गाडी थांबवा, उतरून चार पावलं चाला, पाणी प्या, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. इंजेक्शन बरोबर घ्या, परतायला उशीर झाला म्हणून चुकवू नका. मोज्यांनी पायाचा जडपणा कमी होतो, मापाचे घ्या, पण ते इंजेक्शनच्या जागी नाहीत.

कास_रोड

एक राहिलं. बाळंतपणानंतर पाळणा लांबवायला कुणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नकोस, तुझ्यासाठी त्या कायमच्या बाद. कॉपर टी चालते, ती तिथेच बसवून घेता येते, सातव्या महिन्यातच विचारून ठेव. आणि पुढच्या कुठल्याही सणाला पाळी ढकलायची गोळी नको. घरातल्या नणंदा-भाच्यांनाही सांग, मेडिकलमधून परस्पर आणून खातात पोरी.

औषधवाला_कराड

आणि आम्हीही परस्पर देऊ नये. श्रावणापासून नवरात्रापर्यंत रोज कुणीतरी मागायला येतं. परवापासून ‘आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला?’ एवढं विचारायला लागलोय. दोघी जणी न घेता परत गेल्या, एक चिडून दुसऱ्या दुकानात गेली.